दोघांना मिळून एकच घर

‘काऊन जी भाऊ, एक कमी पडला काय?’

डिसेंबर २०२२ मधल्या एका रविवारी आमच्या फाटकाशी ऑटो थांबला आणि त्यातून एक म्हातारा, मागच्या पायांनी अडखळणारा कुत्रा खाली उतरला, तेव्हा समोरच्या घरच्या काकांनी हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. चारच दिवसांपूर्वी आम्ही एक म्हातारी कुत्री घरी आणली होती. नागपूरच्या साध्या लेआउटमधले आमचे दोन खोल्यांचे घर, पुढे दहा पावलांचे अंगण, आणि त्यात आता दोन म्हातारी जनावरे. काकांना त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज ते देता येते. होय काका, एक कमी पडत होता. मात्र आम्हाला नव्हे, तिला.

कुत्रा पाळावा की पाळू नये, या वादासाठी हा लेख नाही. तो ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा प्रश्न आहे. परंतु अलीकडे पुष्कळ कुटुंबे विकतचे पिल्लू आणण्याऐवजी निवारा केंद्रातून कुत्रा आणण्याचा विचार करू लागली आहेत. तेथे गेल्यावर कधी कधी ऐकावे लागते, ‘ही जोडी आहे, न्यायची तर दोघांनाही न्या.’ अशा वेळी आपल्यासारखा नोकरदार माणूस मनातल्या मनात हिशेब करतो आणि मागे फिरतो. आम्हीही तेच केले होते. त्यात आमची चूक कशी झाली आणि ती सुधारताना काय शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

एकच हवा होता

त्या वर्षी आमच्या शहरात कुत्र्यांचा विषय घरोघरी चालू होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी दिलेल्या आदेशात म्हटले होते की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावे, महापालिकेकडे नोंद करावी आणि आपल्या घरी खाऊ घालावे. पुढे १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याचे जे व्हायचे ते झाले, पण आमच्या घरात त्यावरून एक बोलणे सुरू झाले ते थांबले नाही. बाबा गेल्यापासून आई दिवसभर एकटी असे. आम्ही कचेरीत, सौ. शाळेत नोकरीला, मुले कॉलेजात. घरात एखादे जनावर असले तर आईला सोबत होईल, असे मुलीने काढले आणि सर्वांना पटले.

आमची अपेक्षा साधी होती. एकच कुत्रा, फार मोठा नको, आजारी नको, शिकवलेला असला तर उत्तम. शहराबाहेरच्या एका निवारा केंद्रात आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडखाली जाळीचे कप्पे, प्रत्येकात तीन-चार कुत्री. पिलांच्या कप्प्यापुढे माणसे होती. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या कप्प्यापुढे कोणीच नव्हते. तेथे कोपऱ्यात पोत्यावर एक काळी कुत्री निजली होती आणि तिच्या पाठीवर हनुवटी टेकून एक तांबूस कुत्रा. आम्ही जवळ गेलो तशी तिने मान उचलली, म्हणून त्याचीही उचलली गेली.

केंद्रात काम करणाऱ्या माणसाने त्यांची हकीकत सांगितली. एका वीटभट्टीवरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने दोघांना पिलापासून वाढवले. त्यानेच त्यांची नावे काळी आणि मोत्या ठेवली. चौकीदार वारला, पावसाळ्यात भट्टी बंद झाली, मजूर गावी गेले आणि ही दोघे तेथेच उरली. दातांवरून डॉक्टरांनी दोघांचे वय नऊ-दहा वर्षे सांगितले. केंद्रात येऊन त्यांना वर्ष उलटून गेले होते. ‘काळीले पाहून दोन-तीन लोक आले होते जी,’ तो म्हणाला, ‘पण दोघं म्हटलं की परत जातात. घेऊन जा दोघंही, नाहीतर राहू द्या.’

आम्ही राहू दिले नाही आणि दोघांना नेलेही नाही. मोत्याच्या पायांचा खर्च, घराची जागा, शेजारी, सगळे डोळ्यांपुढे आले. आम्ही काळीसाठी आग्रह धरला. आईचे कारण पुढे केले. शेवटी केंद्रातल्या मंडळींनी नाखुशीने आठ दिवसांच्या बोलीवर तिला दिले. ‘नाही जमलं तर परत आणा, पण रस्त्यावर सोडू नका,’ एवढेच त्यांनी बजावले. बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून आम्ही काळीला घरी आणले.

पाठराखीण

पहिल्या रात्री ती फाटकाशी बसून राहिली. भात आणि उकडलेले अंडे पुढे ठेवले, तिने हुंगून तोंड फिरवले. आम्ही म्हटले, जागा नवी आहे, उद्या खाईल. दुसऱ्या दिवशी तिने थोडे पाणी प्यायले. रात्रभर अंगणात भिंतीच्या कडेने फिरत होती आणि मधूनच घशातल्या घशात कण्हत होती. तिसऱ्या दिवशी सौ.ने हाताने घास भरवून पाहिला, तोही तिने जमिनीवर ठेवला. त्याच संध्याकाळी केंद्रातून फोन आला. मोत्याने जाळी खरवडून पंजे रक्ताळून घेतले होते आणि आता तो उठतच नव्हता.

फोन ठेवल्यावर घरात कोणी काही बोलेना. आई खाटेवर बसली होती. ती म्हणाली, ‘पोरगी पयल्यांदा सासरी जाते तं संगं पाठराखीण धाडते आपण. हिले तं तुमी एकटीलेच उचलून आणलं.’

आईचे शिक्षण दुसरीपर्यंतचे. पण जे आम्हाला केंद्रातल्या माणसाने सांगूनही कळले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. रविवारी सकाळीच आम्ही मोत्याला आणायला गेलो.

ऑटोतून उतरल्यावर दोघे एकमेकांकडे धावत सुटले, असे काही झाले नाही. मोत्याला धावताच येत नव्हते. काळी जवळ आली, तिने त्याचे तोंड हुंगले, एक कान चाटला, आणि दोघे तेथेच मातीत अंगाला अंग लावून बसली. आम्ही दोन थाळ्या भरून ठेवल्या. पाच मिनिटांत दोन्ही रिकाम्या झाल्या. चार दिवसांत तिचे ते पहिले जेवण होते.

खरी जोडी कशी ओळखावी

एका कप्प्यात ठेवलेली कोणतीही दोन कुत्री म्हणजे जोडी नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. सख्खी भावंडे असली तरी ती एकमेकांवाचून राहू शकत नाहीत असे नाही. उलट, एक दुसऱ्यावर गुरगुरतो, त्याचे खाणे हिसकावतो, त्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो, असेही असते. अशांना वेगवेगळी घरे मिळणेच दोघांच्या हिताचे. म्हणून नेण्यापूर्वी एक-दोन वेळा जाऊन, थोडा वेळ थांबून पाहावे.

खऱ्या जोडीच्या खुणा साध्या असतात. झोपताना ती बहुधा अंगाला लागून किंवा एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात झोपतात. नवा माणूस आला, मोठा आवाज झाला, की एक दुसऱ्याजवळ सरकतो आणि तेवढ्याने शांत होतो. जेवताना भांडत नाहीत. एकाला डॉक्टरकडे नेले तर दुसरा दाराकडे तोंड करून बसतो, खात नाही, येरझाऱ्या घालतो, आणि जोडीदार परत आला की शांत होतो. एकाचे डोळे किंवा कान गेले असतील तर तो दुसऱ्याच्या मागे मागे चालतो.

काळीच्या डोळ्यांवर निळसर झाक होती. म्हाताऱ्या कुत्र्यांत डोळ्यांतले भिंग वयोमानाने घट्ट होऊन असे दिसते. तो मोतीबिंदू असेलच असे नाही, पण डॉक्टरांनी तपासून सांगितलेले बरे. तिला अंधारात कमी दिसे, आणि मोत्याला चालताना त्रास होई. संध्याकाळी तो सावकाश पुढे चाले आणि ती त्याच्या अंगाला घासत मागे. कोण कोणाला सांभाळत होते, हे आम्हाला तीन वर्षांत ठरवता आले नाही.

ज्या मंडळींनी रोज त्यांना खाऊ घातले आहे त्यांचा शब्द प्रमाण मानावा, हा आमचा सर्वांत महागात पडलेला धडा. ‘दोघांनाही न्या’ असे ते म्हणतात तेव्हा ते आपल्या गळ्यात जास्तीचे जनावर मारत नसतात.

म्हातारी का न्यावी?

पिलू आणले की पहिले वर्ष चपला चावण्यात, घरात घाण करण्यात आणि रात्री रडण्यात जाते. म्हाताऱ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसत असतो. तो किती वाढणार, कसा निघणार, ही चिंता नसते. त्याला फार पळायला लागत नाही. सकाळ-संध्याकाळ सावकाश फेरी पुरते. बाकी वेळ तो झोपतो. आईसारख्या वयस्क माणसाला उड्या मारणारे पिलू झेपले नसते. ही दोघे मात्र तिच्या खाटेखाली तासन् तास पडून राहत.

‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ असे आपण ऐकत आलो. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १०४ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या पेशी तपासून दाखवले की हा हिशेब इतका सरळ नाही. कुत्रा पहिल्या वर्षातच झपाट्याने मोठा होतो आणि पुढे वय वाढण्याचा वेग मंदावतो. त्यांच्या सूत्राप्रमाणे दहा वर्षांचा कुत्रा सुमारे ६८ वर्षांच्या माणसाच्या बरोबरीचा. ते सूत्र एका जातीपुरते आहे, तरी त्यावरून कल्पना येते. आईचे वय तेव्हा ७१ होते. म्हणजे घरात एकाच वयाची तिघे झाली.

म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर थोडीच वर्षे मिळतात, हे खरे. ते मनाशी पक्के करूनच जावे.

कायदा आणि शेजार

घर भाड्याचे असेल तर घरमालकाला आधी विचारावे. नंतर वाद होऊन जनावर परत पाठवण्याची वेळ येऊ नये. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांना बंदी घालता येत नाही. त्याच वेळी आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलणे, तो कोणाला उपद्रव देणार नाही हे पाहणे, ही आपली जबाबदारी आहे. आम्ही जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खिशात घेऊन फिरतो. तेवढ्यानेच अर्धी भांडणे मिटली.

दत्तक घेताना तीन गोष्टींची नोंद असलेला कागद मागून घ्यावा. नसबंदी झाली आहे का, रेबीजची लस कधी दिली आणि आजवर कोणते आजार झाले. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाचा कोपरा कापलेला असतो, ती त्याची खूण. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना त्यांच्या जागी परत सोडायचे असते. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील. नेलेला कुत्रा कंटाळा आला म्हणून उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या नगरपालिकेत पाळीव कुत्र्याची नोंदणी कशी होते, तेही विचारून घ्यावे.

रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला चुकवू नये. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस काय, जनावर काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. घरातल्या किंवा शेजारच्या मुलाला कोणत्याही कुत्र्याने चावले, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काही लावू नये.

रोजची निगा

पहिले तीन दिवस घाबरण्याचे, पहिले तीन आठवडे ओळखीचे, आणि तीन महिन्यांनी घर आपले वाटू लागते, असा अंदाज केंद्रातली मंडळी सांगतात. आमच्याकडे तसेच घडले. सुरुवातीला त्यांना अंघोळ घालू नये, पाहुणे बोलावू नयेत, एकच कोपरा त्यांचा म्हणून ठरवून द्यावा. दोघांच्या थाळ्या वेगळ्या, पण एका वेळी आणि एकाच ठिकाणी ठेवाव्यात. पुष्कळ जण जोडीसाठी एकच मोठे भांडे ठेवतात. मग कोणी खाल्ले आणि कोणी सोडले ते कळत नाही. आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या आजाराची पहिली खूण बहुधा थाळीतच दिसते.

आमच्या घरात जे शिजते त्यातूनच त्यांचे होई. मऊ भात किंवा पोळी, अंडे, कोंबडीचे उकडलेले मांस, भोपळा, गाजर. तेल, तिखट, मीठ नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे आहेत. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, ती फुटून आतड्यात टोचतात. मुलांना हे सांगून ठेवावे, कारण प्रेमाने बिस्कीट-चॉकलेट देणारी तीच असतात.

म्हातारपणी दात आणि सांधे आधी जातात. मोत्याला गुळगुळीत फरशीवर उभे राहता येत नसे. जुनी सतरंजी आणि पोती अंथरली तसा तो आपला आपण उठू लागला. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. घरोघरी असणाऱ्या साध्या गोळ्याही त्याच्या जिवावर बेततात. पावसाळ्यात रोज कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली गोचीड पाहावी. गोचीडतापाने चांगला कुत्राही आठवड्यात आडवा होतो. वर्षातून दोनदा तपासणी करावी. नागपुरात सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथे कुत्र्यांवर उपचार होतात. इतर जिल्ह्यांतही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात, ते केवळ गाई-म्हशींसाठी नाहीत.

विदर्भाचा उन्हाळा हा मोठा प्रश्न. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि म्हाताऱ्याला ते पुरेसे होत नाही. एप्रिलपासून आम्ही सकाळी सहाच्या आत फेरी उरकत असू. रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. दुपारी दोघे कूलरच्या समोर. आईने आयुष्यात कूलरपुढची जागा कोणाला सोडली नव्हती, ती या दोघांना दिली.

हिशेबाची वही

हिशेब लिहून ठेवण्याची आम्हाला सवय आहे, म्हणून या बाबतीत अंदाजाने बोलण्याची गरज नाही. दोघे असताना खाणे, औषधे, लसी आणि ऑटोभाडे धरून आमचा महिन्याचा खर्च सरासरी पावणेचार हजार रुपये पडला. एकटी काळी असताना आता तो सव्वादोन हजार आहे. म्हणजे दुसऱ्या कुत्र्याने खर्च दुप्पट केला नव्हता. भात एकाच पातेल्यात शिजतो, डॉक्टरकडे एकाच ऑटोत जाता येते, फेरी एकच होते. आमचा वेळही दुप्पट गेला नाही. किंबहुना कमी गेला, कारण आम्ही घरी नसताना त्यांना एकमेकांची सोबत होती.

मात्र औषधाच्या बाबतीत ही सवलत नाही. आजार प्रत्येकाचा वेगळा आणि बिलही वेगळे. मोत्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत खर्च तिप्पट झाला. म्हणून आमचा सल्ला असा की, घरी आणल्या दिवसापासून दर महिन्याला पाचशे रुपये वेगळे टाकावेत आणि त्याला हात लावू नये. तेवढेही शक्य नसेल, मुलांच्या फीची ओढाताण असेल, तर जनावर आणू नये. त्यात कमीपणा नाही. महिन्यातून एकदा केंद्रात जाऊन जुनी पोती, चादरी, तांदूळ देऊन आले तरी ते कामच आहे.

‘माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यांवर खर्च करता?’ हेही आम्हाला ऐकावे लागले. प्रश्न करणाऱ्याचा आम्हाला राग आला नाही. आम्ही वही उघडून दाखवली. त्या तीन वर्षांत आम्ही कोणाच्या मुलाच्या पुस्तकांची वर्गणी चुकवली नव्हती, कोणाच्या दुखण्यात हात आखडता घेतला नव्हता. कमी झाले होते ते आमचे बाहेरचे चहा-नाश्ते आणि एका सणाचे नवे कपडे.

एक जण मागे उरतो

जोडी नेताना ज्याचा विचार कोणी करत नाही, तो भाग शेवटी आहे. दोघे एका दिवशी जात नाहीत.

२०२५ च्या जुलैत मोत्याचे मूत्रपिंड निकामी झाले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. एका पावसाळी पहाटे तो सतरंजीवरच गेला. काळी शेजारी होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला लगेच हलवले नाही. तिने त्याला बराच वेळ हुंगले, मग उठून दूर जाऊन बसली. दुपारी काटोलकडे सौ.च्या भावाच्या शेतात, संत्र्याच्या झाडांपलीकडे खोल खड्डा करून आम्ही त्याला पुरले.

पुढचे तीन आठवडे कठीण गेले. काळी थाळीपाशी येई, दोन घास खाई आणि मागे वळून पाही. फेरीला निघाली की कोपऱ्यावर थांबे. अंधार पडला की तिला चालता येईना, कारण अंगाला घासत चालायला कोणी नव्हते. आम्हाला वाटले, हिला आपण एकटीच पाहिली होती ती याच अवस्थेत, आणि ती अवस्था तेव्हा आम्हीच आणली होती.

कुत्र्याला दुःख होते की नाही, यावर पुष्कळ वाद आहेत. इटलीतल्या संशोधकांनी २०२२ साली ४२६ कुत्रेमालकांची माहिती प्रसिद्ध केली. या सर्वांच्या घरी एकाहून जास्त कुत्री होती आणि त्यांपैकी एक मेले होते. मागे राहिलेल्या कुत्र्याचे वागणे बदलले, असे त्यांपैकी ८६ टक्के लोकांनी सांगितले. ती माणसांच्या जास्त जवळ येऊ लागली, खेळणे कमी झाले, काहींचे खाणे कमी झाले, काही जास्त झोपू लागली किंवा भित्री झाली. दोघांचे संबंध मैत्रीचे असतील तर हा बदल अधिक दिसला. मालक स्वतः जितका दुःखी, तितका त्याच्या कुत्र्यातही बदल जास्त, हेही त्यात आढळले. त्याला शोकच म्हणावे का, हे संशोधकांनी जपून मांडले आहे. आम्हाला त्याच्या नावाशी कर्तव्य नव्हते. तिला खायला लावायचे होते.

जे आम्हाला उपयोगी पडले ते सांगतो. जेवणाच्या, फेरीच्या, झोपण्याच्या वेळा आम्ही तसूभरही बदलल्या नाहीत. मोत्याची सतरंजी महिनाभर धुतली नाही, जागची हलवली नाही. संध्याकाळी मुलगा पट्टा आखूड धरून तिच्या उजव्या अंगाला चिकटून चालू लागला, मोत्या चालत असे त्याच बाजूने. आई हाताने भरवू लागली. लगेच दुसरा कुत्रा आणा, असे काहींनी सुचवले. म्हाताऱ्या, बावरलेल्या कुत्रीपुढे एकदम पिलू आणून सोडणे आम्हाला योग्य वाटले नाही. महिन्याभरात ती पुरे जेवू लागली. दोन दिवसांपेक्षा जास्त अन्न सुटले असते तर मात्र डॉक्टरकडेच न्यायचे, असे आम्ही ठरवून ठेवले होते, कारण दुःखाच्या आड आजारही लपून राहू शकतो.

आता काळीची झोपण्याची जागा बदलली आहे. ती सतरंजीवर नाही, आईच्या खाटेला पाठ लावून झोपते. रात्री आईने कूस बदलली की ती मान उचलते.

वाचकांना विनंती

निवारा केंद्रात गेलात तर पिलांच्या कप्प्यापुढून दोन पावले पुढे जा. जोडी असेल तर विचारा, थांबून पाहा, घरी येऊन सर्वांशी बोला. दोघांची सोय होत असेल तर दोघांना आणा. होत नसेल तर दोघांनाही तेथेच एकत्र राहू द्या, त्यांच्यासाठी दुसरे घर शोधायला हातभार लावा. आमच्यासारखे एकाला उचलून आणू नका. आमची चूक चार दिवसांत सुधारता आली, ती केवळ मोत्या तोवर तेथे होता म्हणून.

समोरचे काका आजही सकाळी दूध आणायला निघाले की फाटकाशी थांबतात. ‘म्हातारी कशी आहे जी?’ विचारतात. आई आतून ओरडून विचारते, ‘कोणती?’ आणि काका सांगतात, ‘दोघीही.’